खानापूर-निपाणी भागातून परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज: कुठली आपल्यासाठी, कागद कसे लावायचे, निबंधात काय लिहायचं

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. वय 31, पूर्णवेळ नोकरीची सात वर्षं. बीए राणी चन्नम्मा विद्यापीठातून 62 टक्के, मग बीएड, आणि एमए शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून. मला भाषाशिक्षणात एक वर्षाचं मास्टर्स करायचं आहे, शक्यतो इंग्लंडमध्ये. पदरचे पैसे घालून जाणं शक्य नाही, पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच.

चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फुलब्राइट ही नावं ऐकली आहेत, पण माझ्यासारख्या हायस्कूल शिक्षिकेने नेमका कुठे अर्ज करायचा ते कळत नाही. कोल्हापूरच्या पेपरात महाराष्ट्र सरकारच्या सारथी संस्थेच्या शिष्यवृत्तीची जाहिरात येते, आपण सीमाभागातले म्हणून ती आपल्याला चालते का? माझं एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड माहेरच्या नावाचं आहे आणि पासपोर्ट अजून काढलेला नाही. नाडकचेरीचे (इथल्या महसूल कार्यालयाचे) दाखले कन्नडमध्ये आहेत. यात काही अडेल का?

धाकटा भाऊ व्हीटीयूचा (बेळगावच्या तंत्रशिक्षण विद्यापीठाचा) मेकॅनिकल इंजिनिअर आहे. 2021 ला पास झाला, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीन वर्षं काम करतोय. त्याचं जर्मनीचं चाललंय, त्याबद्दलही सांगितलंत तर बरं होईल.

---

कॅम्प_रोड

मॅडम, आधी गाळणी लावू. शिष्यवृत्त्यांची नावं पन्नास सापडतील, पण तुमचं वय, विषय आणि अनुभव लावला की तीन-चारच उरतात. त्या तीन-चारांवर वर्षभर नीट काम करा.

फुलब्राइट-नेहरू मास्टर्स (अमेरिकेत शिकण्यासाठीची शिष्यवृत्ती) सोडून द्या. टक्के किंवा अनुभव कमी पडतो असं नाही (तिथे 55 टक्के आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, तीन वर्षांची पदवी असेल तर वर मास्टर्स लागतं), पण त्यांचे विषय ठरलेले असतात. सार्वजनिक आरोग्य, पर्यावरण, पत्रकारिता, नगररचना, उच्च शिक्षण प्रशासन असे. शाळेतलं भाषाशिक्षण त्यात बसत नाही. ओढूनताणून ‘उच्च शिक्षण प्रशासन’ लिहिलंत तर पहिल्याच चाळणीत कळतं.

फुलब्राइटचीच एफएलटीए म्हणजे भाषा सहायक शिक्षकांची योजना आहे. नऊ महिने अमेरिकेतल्या कॉलेजात आपली भाषा शिकवायची, आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, आणि दर सत्राला निदान दोन विषय स्वतः शिकायचे. पदवी मिळत नाही. तिथे वयाची अट 21 ते 29, म्हणजे तुम्ही बाहेर. पण हा धागा वाचणाऱ्या पंचवीस-सव्विसाव्या वर्षाच्या शिक्षकांनी लक्षात ठेवा. कुठल्या भारतीय भाषांसाठी जागा आहेत ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. आपल्याकडे हिंदी विषय घेऊन बीएड झालेले बरेच आहेत, त्यांनाही ही वाट आहे.

अमेरिकेचंच बघायचं तर हायस्कूल शिक्षकांसाठी फुलब्राइट टीईए आहे, सहा आठवड्यांचं प्रशिक्षण. हे मास्टर्स नाही, पण नोकरी सांभाळून होतं आणि पुढच्या अर्जात वजन पडतं.

आता इंग्लंड. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग तुम्हाला सरळ बसते. एक वर्षाचं पूर्णवेळ मास्टर्स, वयाची अट नाही, कामाचा अनुभव 2,800 तास. हा आकडा आठवड्याला 35 तास, वर्षाला 40 आठवडे, असं दोन वर्षांचं गणित आहे, म्हणजे तुमचं केव्हाच पुरं झालं. अर्ज ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतो. अर्जात तीन अभ्यासक्रम द्यावे लागतात. इथेच लोक फसतात: चेव्हनिंगला अर्ज केला म्हणजे विद्यापीठात अर्ज झाला असं धरून चालतात. तसं नाही. तिन्ही विद्यापीठांत स्वतंत्र अर्ज करायचा आणि त्यांतल्या एकाचं विनाअट प्रवेशपत्र जुलैच्या ठरलेल्या तारखेपर्यंत हातात पाहिजे. मुलाखत उत्तम होऊन फक्त या कागदावाचून जागा जाते.

कॉमनवेल्थच्या दोन वाटा आहेत. एक भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयामार्फत. तिथे लंडनच्या कॉमनवेल्थ स्कॉलरशिप कमिशनचा ऑनलाइन फॉर्म आणि मंत्रालयाच्या पोर्टलवरचा फॉर्म असे दोन्ही भरावे लागतात, आणि दोघांच्या शेवटच्या तारखा वेगळ्या असू शकतात. एकच भरला तर अर्ज धरत नाहीत. दुसरी वाट ‘शेअर्ड’ शिष्यवृत्तीची, ती विद्यापीठामार्फत येते आणि तिचे अर्ज साधारण डिसेंबरपर्यंत असतात. ही खास अशांसाठी आहे ज्यांना पैशाअभावी इंग्लंडात शिकता आलं नसतं. तुमच्यासाठी मला हीच सगळ्यात जवळची वाटते. पण ठरावीक विद्यापीठांचे ठरावीक अभ्यासक्रमच तिच्यात असतात, तेव्हा यादी आली की आधी विषय शोधा, विद्यापीठाचं नाव मागाहून.

चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ, दोघांनाही परत येणं बंधनकारक आहे. चेव्हनिंगचं दोन वर्षांचं आहे. ‘तिकडेच नोकरी बघू’ हा विचार मनात असेल तर या योजना तुमच्यासाठी नाहीत, आणि मुलाखतीत ते लपत नाही.

तारखांबद्दल एक. चेव्हनिंगचा फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी 12 वाजता युटीसी वेळेला बंद होतो. म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, रात्रीचे बारा नव्हे. जांबोटी-कणकुंबीकडे परतीच्या पावसात नेट जातं, वीज जाते. चार दिवस आधी भरून मोकळं व्हा.

---

फाईलवाला

कागदांचं मी सांगतो. आपल्या भागातले अर्ज गुणवत्तेपेक्षा नावात जास्त अडकतात.

महाराष्ट्रात आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. इकडच्या मार्क्स कार्डावर कधी नाव आधी, कधी आडनाव आधी, कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. तुमच्याकडे कर्नाटक बोर्ड, राणी चन्नम्मा आणि शिवाजी विद्यापीठ अशा तीन ठिकाणचे कागद आहेत, त्यावर लग्नानंतरचं नाव. परदेशी विद्यापीठाचा माणूस फक्त पासपोर्ट ओळखतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लग्नाची नोंदणी झालीय का बघा. नसेल तर सब-रजिस्ट्रार ऑफिसात करून घ्या, तो दाखला दोन नावांमधला पूल आहे. मग आधार, मग पासपोर्ट. पासपोर्टसाठी बेळगावच्या हेड पोस्टात केंद्र आहे, हुबळीला जायलाच पाहिजे असं नाही.

पासपोर्टवर ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ असे दोन रकाने येतात. आडनाव पहिल्या रकान्यात, स्वतःचं नाव आणि मधलं नाव दुसऱ्यात. एजंट घाईत सगळं नाव एकाच रकान्यात घालतात आणि सरनेम कोरं राहतं. मग अमेरिकेच्या व्हिसावर गिव्हन नेमच्या जागी ‘एफएनयू’ (म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’) छापून येतं, आणि तिकीट, बँक, विद्यापीठाचं ओळखपत्र सगळीकडे तेच निस्तरत बसावं लागतं. फॉर्म सबमिट करण्याआधी तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

माहेरचं नाव कायम ठेवून पासपोर्ट काढला तरी चालतो, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. तुमचे सगळे शैक्षणिक कागद माहेरच्या नावाचे असतील तर मी तेच सुचवेन, निम्मी कटकट वाचते. नाव बदललेलं असेल तर प्रत्येक अर्जात ‘पूर्वीचं नाव’ हा रकाना असतो, तो भरा आणि लग्नाचा दाखला सोबत जोडा. नुसतं वकिलाचं प्रतिज्ञापत्र जोडून गप्प बसू नका.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्क्स कार्डांची झेरॉक्स नव्हे. विद्यापीठाने सहीशिक्क्यानिशी दिलेला सगळ्या सत्रांचा एकत्रित उतारा. बीएचा भुतरामनहट्टीला राणी चन्नम्माकडून, एमएचा कोल्हापूरहून. ज्यांच्या पदवीवर कर्नाटक विद्यापीठाचं नाव आहे त्यांनी धारवाड गाठायचं. राणी चन्नम्मा 2010 चं, त्याआधीचा रेकॉर्ड तिथे मिळत नाही. तीन-चार सीलबंद प्रती एकदमच मागा आणि पास होण्याचे किमान गुण त्यावर छापलेले आहेत का ते बघून घ्या. टक्क्यांचं जीपीए स्वतः काढून फॉर्मात टाकू नका. विचारलं नसेल तर आहे तसे टक्के लिहायचे.

कन्नड दाखले अडत नाहीत, पण इंग्रजी भाषांतर लागतं. कोर्टाच्या आवारात नोटरीचा शिक्का मारून मिळतो, तेवढ्यावर थांबू नका. इंग्लंडच्या व्हिसासाठी भाषांतरावर ‘हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे’ असं वाक्य, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क एवढं सगळं लागतं. शिक्का आहे पण भाषांतरकाराचं नाव नाही, ही नेहमीची चूक. मूळ मराठी असलेल्या शाळेच्या दाखल्यालाही हाच नियम. आणि गावाचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहायला सांगा: एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी, तिसऱ्यावर बेलगाम असं झालं की निष्कारण शंका निघते. पासपोर्टवर जे असेल ते सगळीकडे.

अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठी कागदांवरचं सरकारी प्रमाणीकरण) वगैरेच्या मागे आत्ताच लागू नका. कुणी लेखी मागितलं तरच करायचं, त्यात बेंगळुरूच्या फेऱ्या आणि पैसा दोन्ही जातात.

---

निपाणीचा_तंबाखू

सारथीचं स्पष्ट सांगतो, कारण हा प्रश्न दरवर्षी येतो आणि लोक उगाच आशेवर राहतात. सारथीची मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती असो की अनुसूचित जाती-नवबौद्धांसाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, दोन्ही महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. सीमाभागातल्या, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या 865 गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत वेगळ्या जागा आहेत, त्यामुळे गैरसमज होतो. प्रवेशाची सवलत वेगळी, शिष्यवृत्तीची अट वेगळी. तुमचं रेशन कार्ड, मतदान, शाळा, नोकरी सगळं कर्नाटकातलं. कोल्हापूरच्या मावशीच्या पत्त्यावर डोमिसाईल काढून देतो म्हणणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. पुढे पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत पत्ता वेगळा निघाला की सगळाच अर्ज खोटा ठरतो.

जातीचा दाखलाही असाच. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या 3 बी गटात येतो. इथला दाखला महाराष्ट्राच्या योजनेत चालत नाही, आणि तिथला इथे चालत नाही.

मग आपल्याला काय? कर्नाटक सरकारच्या समाजकल्याण खात्याची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘प्रबुद्ध’ परदेश शिष्यवृत्ती आहे. मागासवर्गीयांसाठी देवराज अर्स महामंडळाच्या योजना बघा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप सगळ्या राज्यांना खुली: अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर. वय 35 च्या आत, 60 टक्के गुण, कुटुंबाचं सगळं मिळून उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत, आणि विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये. देशभरात 125 जागा. भूमिहीन शेतमजुरांच्या जागांची कल्पना आपल्या भागात फार कमी जणांना आहे, ती पोचवा. एक अट मात्र बारीक अक्षरातली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचं सामाजिक संशोधन असे विषय 2022 पासून यात घेत नाहीत.

आणि ‘शिष्यवृत्ती’ म्हणून फिरणाऱ्या दोन नावांबद्दल: जे. एन. टाटा एन्डाउमेंट आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट. दोन्ही चांगल्या, जुन्या संस्था. टाटांची तर 1892 ची. पण त्या कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. महिंद्रांची बिनव्याजी असते, तरी ती फेडायची असतेच. पूर्ण खर्चाच्या हिशोबात ती रक्कम फुकटची म्हणून धरू नका.

---

उद्यमबाग_टेक

भावाचं मी घेतो. डाडची (जर्मनीत शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) ईपीओएस ही योजना त्याच्यासारख्यांसाठीच आहे: विकासाशी निगडित ठरावीक अभ्यासक्रम, पदवीनंतर निदान दोन वर्षांचा अनुभव, आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको. 2021 ची पदवी म्हणजे घड्याळ चालू आहे, अजून एक-दोन वर्षं ‘बघू’ म्हणण्यात घालवू नका. अर्ज डाडकडे नाही, थेट त्या अभ्यासक्रमाकडे जातो आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. सीव्ही युरोपास नमुन्यात (युरोपातल्या ठरलेल्या साच्यात), खाली सही केलेला. सही नसली तरी अर्ज बाद होतो.

गुणांचं गणित जर्मन पद्धतीत असं: एक अधिक तीन गुणिले (कमाल वजा मिळालेले) भागिले (कमाल वजा पास होण्याचे). त्याचा सीजीपीए 7.2 असला आणि पास 4 ला असेल तर 2.8 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.4. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बरेच अभ्यासक्रम 2.5 ला दार लावतात. म्हणून वर म्हटलं तसं पास होण्याचे गुण कागदावर असणं महत्त्वाचं. 100 पैकी 68 टक्क्यांवाल्याचं पास 35 धरलं तर 2.48 येतात, 40 धरलं तर 2.6. त्या एका आकड्यावर आत की बाहेर ठरतं.

शिष्यवृत्ती नसताना जर्मनीला जायचं तर एपीएस प्रमाणपत्र (आपल्या शैक्षणिक कागदांची जर्मन पडताळणी) नोव्हेंबर 2022 पासून लागतं, फी 18,000 रुपये. ब्लॉक खात्यात (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. या दोन गोष्टींना काही महिने जातात, तेव्हा प्रवेशपत्र येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही.

युरोपियन युनियनची इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीही बघायला सांगा. महिन्याला 1,400 युरो, फी माफ, दोन वर्षांत दोन-तीन देश. फक्त हे ध्यानात घ्या की एका अभ्यासक्रमात एकाच देशाच्या विद्यार्थ्यांना एकूण शिष्यवृत्त्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त देत नाहीत. म्हणजे त्याची स्पर्धा जगाशी कमी आणि बाकीच्या भारतीयांशी जास्त. फाउंड्रीतला प्रत्यक्ष अनुभव (वाळूचा पुनर्वापर, भट्टीची वीज, रिजेक्शन कमी करणं) हेच त्याचं वेगळेपण, ते पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सारथीचं डोक्यातून काढलं. पासपोर्ट माहेरच्या नावानेच काढते.

अजून दोन शंका. आमच्या हेडसरांनी शिफारसपत्र द्यायचं कबूल केलंय, पण त्यांचा ईमेल साधा जीमेलचा आहे आणि ते म्हणतात ‘तूच लिहून आण, सही करतो’. दुसरं, निबंधात सीमाभागाचा उल्लेख करावा की टाळावा? काही जण म्हणतात राजकारण वाटेल.

---

टिळकवाडी_वाचक

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत, जरा सविस्तर लिहितो.

‘लिहून आण, सही करतो’ हे प्रेमापोटी असतं, पण घातक आहे. तुमचा निबंध आणि तुमचं शिफारसपत्र एकाच हाताचं आहे हे वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं: तेच शब्द, तीच वाक्यं. त्याऐवजी हेडसरांना एक पानभर मुद्दे द्या, तेही मराठीत. तुम्ही कुठल्या वर्षी काय सुरू केलं, कुणाच्या विरोधात केलं, त्याने काय बदललं, त्यांनी स्वतः काय पाहिलं. त्यांना मराठीतून बोलायला लावा, मग त्यांचं म्हणणं इंग्रजीत उतरवायला दुसऱ्या शिक्षकाची मदत घ्या, तुमची नको. ‘मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ’ या तीन शब्दांनी पत्र भरतं पण सांगत काहीच नाही. ‘माझ्या कारकिर्दीत पाहिलेल्या इंग्रजी शिक्षकांपैकी या पहिल्या दोनांत, कारण…’ असं एक वाक्य दहा विशेषणांना भारी पडतं, अट एवढीच की ‘कारण’च्या पुढे खरं काही असावं.

जीमेलचा प्रश्न सुटतो. शाळेचा किंवा संस्थेचा अधिकृत ईमेल असला तर तोच द्या. नसेल तर पत्र शाळेच्या लेटरहेडवर, शिक्का, पद, फोन आणि तारखेसह. दुसरं पत्र कॉलेजातल्या किंवा विद्यापीठातल्या ज्या प्राध्यापकांनी तुम्हाला शिकवलं त्यांच्याकडून घ्या, म्हणजे एक कामाचं आणि एक अभ्यासाचं होतं. चेव्हनिंगला पत्रं मुलाखतीला निवड झाल्यावर लागतात, कॉमनवेल्थला अर्जाबरोबरच. कॉमनवेल्थमध्ये शिफारस करणाऱ्याला लिंक जाते, ती बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. ज्या दिवशी पाठवाल त्याच दिवशी फोन करून ‘सर, स्पॅम बघा’ म्हणा. महिना-दीड महिना हातात ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत कुणी सही करत नाही.

आता सीमाभाग. उल्लेख टाळू नका, पण तक्रार म्हणून लिहू नका. वाचणाऱ्याला आपला वाद माहीत नसतो आणि तो सोडवायला तो बसलेला नाही. त्याला हे कळलं पाहिजे की तुमच्या वर्गातलं मूल घरी मराठी बोलतं, खानापूरच्या पश्चिमेकडचं असेल तर कोकणी, बाजारात आणि सरकारी कचेरीत कन्नड लागते, आणि तुम्ही त्याला इंग्रजी शिकवता. बहुभाषिक वर्गात इंग्रजी कसं शिकवावं हा जगभरच्या भाषाशिक्षणातला जिवंत प्रश्न आहे आणि तुम्ही सात वर्षं त्याच्या मधोमध उभ्या आहात. मुंबई-पुण्याच्या अर्जदाराकडे हे नाही.

निबंधाची पहिली ओळ ‘लहानपणापासून मला शिकवण्याची आवड’ अशी नको. हजारो अर्ज तसेच सुरू होतात. नमुना म्हणून हे बघा (आकडे तुमच्या खऱ्या नोंदींतून घ्या, हे कल्पित आहेत): ‘जूनमध्ये आठवीच्या 40 पैकी 27 मुलांना इंग्रजी परिच्छेद सलग वाचता येत नव्हता. मी तास दोन भागांत तोडला: आधी आशय मराठीतून समजून घेणं, मग त्याच आशयाचं इंग्रजी. दोन सहकाऱ्यांचा विरोध होता, त्यांना वाटायचं मराठी वापरली तर इंग्रजी मागे पडेल. त्यांना माझ्या तासाला बसवलं. मार्चमध्ये न वाचू शकणारी 11 उरली आणि त्या दोघांपैकी एकाने नववीला तीच पद्धत घेतली.’ यात नेतृत्व हा शब्द नाही, पण नेतृत्व आहे: अडचण, निर्णय, विरोध, परिणाम, आणि दुसऱ्याने ते उचलणं. उरलेल्या 11 जणांचाही उल्लेख ठेवा. त्यांच्यापर्यंत का पोचता आलं नाही, हेच तुम्हाला मास्टर्समध्ये शिकायचं आहे, असा धागा पुढच्या निबंधात जोडता येतो.

अभ्यासक्रमाच्या निबंधात विद्यापीठाची कीर्ती गाऊ नका, ती त्यांना ठाऊक आहे. तिन्ही अभ्यासक्रमांतल्या एकेका विषयाचं नाव घ्या आणि तो तुमच्या कुठल्या अडचणीला लागू पडतो ते सांगा. तीन अभ्यासक्रम एकाच दिशेचे ठेवा. एक भाषाशिक्षण, दुसरा एमबीए, तिसरा मानसशास्त्र असं दिसलं की अर्ज डळमळीत वाटतो.

परत आल्यावरचं नियोजन हा चेव्हनिंगचा कणा आहे. ‘समाजासाठी काम करेन’ हे नियोजन नव्हे. पहिल्या दोन वर्षांत तालुक्यातल्या किती शाळांतल्या शिक्षकांना, कुणाच्या परवानगीने, कुठल्या दिवशी प्रशिक्षण देणार? बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसच्या शिक्षक बैठकांत, की जिल्ह्याच्या डाएटमधून (शिक्षक प्रशिक्षण संस्थेतून)? ही नावं लिहा. त्यातून कळतं की तुम्हाला व्यवस्था माहीत आहे.

निबंध आधी मराठीत विचार करून, मुद्दे मराठीत मांडून, मग थेट इंग्रजीत लिहा. वाक्यं लहान ठेवा. मशीनकडून लिहून घेतलेलं किंवा नेटवरच्या यशस्वी निबंधांतून उचललेलं सॉफ्टवेअरमध्ये पकडलं जातं आणि चेव्हनिंग असा अर्ज सरळ रद्द करते. शब्दमर्यादा त्या वर्षीच्या फॉर्मवर बघा, ती बदलत राहते.

---

फाईलवाला

शाळेच्या परवानगीचं राहिलंच. अनुदानित शाळा आहे, म्हणजे संस्थेचा ठराव लागेल, मग फाईल बीईओ, डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक), आणि गरज पडल्यास धारवाडच्या अपर आयुक्तांकडे. खानापूर बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतं. निपाणीकरांनी चिकोडीच्या डीडीपीआयकडे जायचं, दोन्ही ऑफिसं वेगळी आहेत. निवड झाल्यावर फाईल सुरू केली तर सप्टेंबरचा प्रवेश हुकतो. अर्ज भरतानाच संस्थेला लेखी कळवून पोच घ्या आणि ‘निवड झाल्यास रजेला हरकत नाही’ असं पत्र मागून ठेवा. पगारी रजा मिळेल असं धरू नका.

आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा) चेव्हनिंग स्वतः मागत नाही, पण विद्यापीठ मागतं, शिक्षणशास्त्राला बहुतेक ठिकाणी एकूण 6.5 आणि कशातही 6 पेक्षा कमी नको, काही ठिकाणी 7. फी 17-18 हजारांच्या घरात आहे आणि निकाल दोनच वर्षं चालतो. त्यामुळे पासपोर्ट हातात आल्याशिवाय नोंदणी करू नका, परीक्षेला तोच ओळखपत्र म्हणून लागतो. इंग्रजी शिक्षकांचे गुण बहुधा लेखनात जातात. व्याकरण पक्कं असतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोडून सामान्य निबंध लिहिला जातो. टास्क 2 चे जुने प्रश्न 40 मिनिटं लावून लिहा आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

---

कॅम्प_रोड

मॅडम, तुम्ही आत्ता मार्चच्या आसपास सुरुवात करत असाल तर: लग्नाच्या दाखल्यात आणि पासपोर्टात एप्रिल-मे जातील. ट्रान्सक्रिप्ट शाळेच्या सुट्टीत, दोन्ही विद्यापीठांच्या फेऱ्या तेव्हाच जमतात. जून-जुलैत आयईएल्टीएस. ऑगस्टला चेव्हनिंगचा फॉर्म उघडला की निबंधाचा पहिला खर्डा तयार असावा. ऑक्टोबरात चेव्हनिंग आणि मंत्रालयामार्फतची कॉमनवेल्थ, डिसेंबरात शेअर्ड, आणि या सगळ्याबरोबर विद्यापीठांचे अर्ज. एजंटला पैसे द्यायची गरज नाही, या शिष्यवृत्त्यांच्या अर्जाला फी नसते. कुणी ‘चेव्हनिंगची सीट करून देतो’ म्हणाला तर तो फसवतोय.

खर्डा झाला की नाव-गाव काढून इथे टाका. टिळकवाडीवाले आणि मी, दोघंही वाचू.